घरात शुगर आणि किडनी दोन्ही चालत आलंय? जनुकांचा शोध कसा घ्यायचा ते सांगतो

घरात तिघाचौघांना डायबेटिस आणि त्यातल्या दोघांची किडनी गेलेली असली की पुढचा माणूस विचारतोच, हे आमच्या रक्तातच आहे का, आणि असेल तर एखादी टेस्ट करून कळेल का. कधीकधी कळतं, बऱ्याचदा अर्धवट कळतं, आणि सुरुवात लॅबमध्ये होत नाही तर घरातल्या माणसांच्या नोंदींपासून होते. दुसरं, जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, ते म्हणजे या नोंदींत ज्यांची किडनी गेली त्यांच्याइतकीच किंमत त्या माणसांची आहे ज्यांना वीस-पंचवीस वर्षं शुगर आहे आणि किडनी ठणठणीत आहे. त्यांना कुणी काही विचारतच नाही आणि तिथेच अर्धा शोध वाया जातो.

संशय मात्र खरा आहे बरं का. डायबेटिस झालेल्या सगळ्यांची किडनी खराब होत नाही, साधारण ३० ते ४० टक्के लोकांना तो त्रास होतो, आणि न होणाऱ्यांमध्ये वर्षानुवर्षं शुगर हाताबाहेर असलेले लोकही असतात. १९८९ साली अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठातल्या डॉक्टरांनी टाइप वन डायबेटिसवाली (म्हणजे बहुतेकदा लहान वयात सुरू होणारा, इन्सुलिन लागणारा) भावंडं तपासली. ज्या घरात आधीच एका भावंडाची किडनी बिघडलेली होती तिथल्या २९ डायबेटिक भावंडांपैकी २४ जणांच्या किडनीत बिघाड सापडला, आणि जिथे पहिल्याची किडनी चांगली होती तिथे १२ पैकी फक्त २ जणांच्या. माणसं थोडी होती पण फरक केवढा बघा. मग १९९० मध्ये ॲरिझोनातल्या पिमा या मूळ अमेरिकन लोकांमध्ये, जिथे टाइप टू (सहसा मोठ्या वयात होणारा नेहमीचा डायबेटिस) खूप आहे, असं दिसलं की डायबेटिस असलेल्या आईवडिलांपैकी कुणाच्याच लघवीत प्रोटीन (किडनी बिघडत असल्याची खूण) जात नसेल तर डायबेटिक मुलांमध्ये ते साधारण १४ टक्क्यांना, एकाच्या जात असेल तर २३ टक्क्यांना आणि दोघांच्या जात असेल तर ४६ टक्क्यांना.

पण घरात आजार एकत्र दिसतो म्हणजे कारण जनुकच, असं लगेच म्हणू नका. एका घरात जेवणातलं मीठ सारखं असतं, तंबाखूची सवय सारखी असते, डॉक्टरकडे उशिरा जायची सवयही सारखीच असते, आणि बीपी कंट्रोलमध्ये नसेल तर नुसतं तेवढंही किडनीला पुरतं. म्हणून नोंदी घेताना शुगर-बीपी-तंबाखू हे सगळं लिहायचं, नाहीतर शेवटी जनुकाच्या माथी मारलेलं खापर भलत्याचंच निघतं.

आता कामाला लागू. एक मोठा कागद घ्या आणि तीन पिढ्यांचा वंशवृक्ष काढा. पुरुषाला चौकोन, बाईला गोल, आजारी माणसाचा आकार भरायचा, गेलेल्या माणसावर तिरकी रेघ, आणि ज्याच्यापासून शोध सुरू झाला त्याच्याकडे बाण, जगभर डॉक्टर साधारण हीच खूण वापरतात त्यामुळे पुढे कुणालाही तो कागद वाचता येतो. आईकडची आणि वडिलांकडची बाजू वेगवेगळी ठेवा, सावत्र भावंडं, दत्तक मुलं, लहानपणी गेलेली मुलं, नात्यातली लग्नं हे सगळं त्यात यायला पाहिजे, लपवायचं म्हणून गाळलेली एक रेघ सगळा अर्थ बदलू शकते. नात्यातल्या लग्नाची गोष्ट विशेष विचारा कारण काही आजार आई आणि वडील दोन्हीकडून जनुकाची एकेक बिघडलेली प्रत आली तरच होतात आणि ते अशा घरात जास्त दिसतात.

प्रत्येक माणसापुढे काय लिहायचं? शुगर कोणत्या वयात सापडली, सुरुवातीपासून इन्सुलिन होतं की गोळ्या होत्या, वजन किती असायचं, एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी शुगर दाखवणारी टेस्ट) साधारण कितीत असायचं. मग किडनीचं: लघवीत प्रोटीन पहिल्यांदा कधी दिसलं, क्रिएटिनिन (किडनी मंदावली की रक्तात वाढतं ते) कोणत्या साली किती, डायलिसिस कधी सुरू झालं, ट्रान्सप्लांट झालं का, बायोप्सी (किडनीचा बारीक तुकडा काढून तपासणं) झाली होती का आणि झाली असेल तर तिचा रिपोर्ट कुठे आहे. डोळ्याच्या पडद्याची तपासणी, म्हणजे रेटिनोपॅथी आहे की नाही, हे न विसरता लिहा, का ते खाली सांगतो. आणि मग ज्यांचा शुगरशी संबंध आहे असं वाटतही नाही अशा गोष्टी: ऐकू कमी येणं, सोनोग्राफीत किडनीवर गाठी म्हणजे सिस्ट, तरुणपणीच गाउट म्हणजे युरिक ॲसिडने सांधे सुजणं, लघवीत रक्त, रक्तात मॅग्नेशियम कमी, गर्भाशयाची जन्मजात वेगळी रचना.

म्हाताऱ्या माणसांकडून माहिती काढताना "आजोबांना डायबेटिक नेफ्रोपॅथी (शुगरमुळे होणारा किडनीचा आजार) होती का" असं विचारून काहीच हाती लागत नाही. अंगाला सूज यायची का, लघवीला फेस यायचा का, रोज सुई टोचायचे का, शेवटी हॉस्पिटलमध्ये मशीनवर ठेवलं होतं का, आधी शुगर सापडली की आधी सूज आली, असं विचारा, लोकांना असल्या गोष्टी लक्षात राहतात. तारखा आठवत नसतील तर "ताईच्या लग्नाआधी की नंतर" असं विचारलं की साल बरोबर लागतं. जुन्या फायली, डिस्चार्ज कार्डं यांचे फोटो काढून एका फोल्डरमध्ये ठेवा आणि ऐकीव माहिती कोणती आणि कागदावरची कोणती हे वेगळं दिसू द्या. "ऐकीव" असं बाजूला लिहिलं तरी पुरे.

यानंतरची पायरी बहुतेक जण गाळतात आणि माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ तिथेच द्यायला हवा, ती म्हणजे त्या माणसाची किडनी खरंच शुगरमुळे गेली का हे तपासणं. माणसाला डायबेटिस आहे आणि किडनी फेल झाली की कागदावर डायबेटिक किडनी असं लिहून मोकळं होतात, बायोप्सी दरवेळी होत नाही, आणि मग कित्येक घरांत खरा आजार दुसराच असतो, शुगर नुसती सोबतीला असते. शंका कधी घ्यायची तर टाइप वन सापडून पाच वर्षंही झाली नाहीत आणि लघवीत भरपूर प्रोटीन जातंय, किंवा डोळ्याचा पडदा एकदम स्वच्छ आहे (टाइप वनमध्ये किडनीला त्रास असला की डोळ्यालाही जवळजवळ नेहमी असतोच, टाइप टूमध्ये मात्र नसूही शकतो, त्यामुळे तिथे नुसत्या एवढ्यावर निष्कर्ष नको), किंवा लघवीत रक्त आहे, किंवा काही महिन्यांतच क्रिएटिनिन भराभर चढलं, किंवा किडनीचा त्रास शुगरच्या आधीपासून होता. टाइप टूचं एक लक्षात ठेवा, तो कित्येक वर्षं अंगात असून सापडलेला नसतो, त्यामुळे शुगर सापडली त्याच दिवशी लघवीत प्रोटीन दिसलं तर त्यात विचित्र काही नाही.

अशा घरांत एकाच जनुकाचा आजार लपलेला असू शकतो आणि त्यांची काही ठरावीक लक्षणं असतात. एचएनएफ१बी नावाच्या जनुकात बिघाड असेल तर तरुण वयात डायबेटिस, किडनीवर सिस्ट किंवा लहान किडनी, मॅग्नेशियम कमी, असं मिळून येतं. एखाद्या घरात डायबेटिस आणि बहिरेपण आईच्या बाजूने उतरत असेल, म्हणजे आजी, मग आई, मावशी, मामा सगळ्यांना पण मामाच्या मुलांना मात्र नाही, तर मायटोकॉन्ड्रियातल्या (पेशीतला ऊर्जा बनवणारा भाग, त्याचा डीएनए फक्त आईकडून येतो) डीएनएमधला ३२४३ नंबरच्या जागेवरचा बदल तपासायला हवा, तो किडनीलाही बाधतो. लघवीत रक्त आणि कमी ऐकू येणं असेल तर आल्पोर्ट नावाचा आजार, त्यात सीओएल४ए३, ए४ आणि ए५ ही जनुकं येतात. लघवीत प्रोटीन जवळजवळ नाहीच पण पिढ्यानपिढ्या किडनी हळूहळू मंदावत जाते आणि तरुणपणीच गाउट, तर यूमॉड हे जनुक. आणि ज्यांची मुळं आफ्रिकेत आहेत अशा घरांत एपीओएल१ हे जनुक, याचे जी१ आणि जी२ हे दोन प्रकार २०१० मध्ये सापडले, एक प्रत असेल तर स्लीपिंग सिकनेस या आफ्रिकेतल्या आजाराच्या परजीवीपासून संरक्षण आणि दोन प्रती असतील तर किडनीला मोठा धोका, आणि अशा कित्येक लोकांच्या कागदावर आधी बीपी किंवा शुगर हेच कारण लिहिलेलं असायचं.

हे सगळं अगदीच दुर्मिळ आहे असं समजू नका. २०१९ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाच्या टीमने ३,३१५ किडनी रुग्णांचं एक्झोम (डीएनएमधला प्रथिनं बनवणाऱ्या सगळ्या जनुकांचा भाग) तपासलं तेव्हा ९.३ टक्के लोकांमध्ये एकाच जनुकाचं निदान निघालं. ते सगळे डायबेटिक नव्हते हे खरं, पण जिथे निदान निघतं तिथे बाकीच्या सगळ्या घराचं पुढचं बदलतं.

तोवर हयात असलेल्या सगळ्यांची आजची स्थिती मोजून घ्या. दोन टेस्ट पुरतात, लघवीतलं अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर म्हणजे एसीआर, आणि रक्तातलं क्रिएटिनिन ज्यावरून ईजीएफआर, म्हणजे किडनीचा गाळण्याचा वेग, काढतात. एसीआर शक्यतो सकाळच्या पहिल्या लघवीचं, ३० मिलिग्रॅम प्रति ग्रॅमच्या वर गेलं तर वाढलेलं आणि ३०० च्या वर म्हणजे खूप वाढलेलं. एकदा जास्त आलं म्हणून घाबरायचं नाही, ताप, लघवीचं इन्फेक्शन, पाळी, आदल्या दिवशीचा जोरदार व्यायाम यानेही वाढतं, तीन ते सहा महिन्यांत तीनदा बघून दोनदा जास्त आलं तर खरं मानतात. ईजीएफआरही ६० च्या खाली तीन महिने राहिला तरच जुना आजार म्हणतात. तसंही टाइप वनवाल्यांनी पाच वर्षांनंतर आणि टाइप टूवाल्यांनी पहिल्या दिवसापासून या दोन्ही टेस्ट दरवर्षी करायच्याच असतात, जनुकांचा शोध घ्या नाहीतर घेऊ नका.

आता त्या ठणठणीत माणसांकडे येऊ. तीन वर्षांपूर्वी शुगर सापडलेल्या भावाचं एसीआर नॉर्मल आहे म्हणून त्याला "किडनी चांगली" या रकान्यात टाकता येत नाही, त्याची वेळच अजून आलेली नाही, त्याचा रकाना "अजून ठरलेलं नाही" हा. टाइप वनमध्ये किडनीचा त्रास बहुतेक करून दहा ते वीस वर्षांच्या काळात उगवतो, म्हणून अभ्यास करणारे साधारण १५ वर्षं तरी डायबेटिस झालेला असावा आणि तरी लघवी नॉर्मल असावी अशी अट घालतात. ज्याला शुगरच नाही तोही या रकान्यात बसत नाही, कारण त्याच्या किडनीची परीक्षा झालेलीच नाही. शिवाय तो माणूस कोणत्या गोळ्या घेतो ते लिहा, रामिप्रिल, टेल्मिसार्टन यांसारख्या किंवा एसजीएलटी२ गटातल्या गोळ्यांनी लघवीतलं अल्ब्युमिन खाली येतं, मग नॉर्मल रिपोर्ट जनुकांमुळे आहे की गोळीमुळे हे सांगता येत नाही. आणि हे हात जोडून सांगतो, खरी स्थिती बघायची म्हणून या गोळ्या बंद करू नका, फक्त नाव आणि कधीपासून घेतात तेवढं लिहा, त्या गोळ्या किडनी वाचवतायत.

या माणसांची एवढी किंमत का? दोन सख्ख्या भावंडांचं सरासरी निम्मं जनुकीय साहित्य सारखं असतं. दोघांनाही वर्षानुवर्षं डायबेटिस, एकाची किडनी गेली, दुसऱ्याची शाबूत, अशा जोड्या जमवल्या आणि क्रोमोसोमच्या (पेशीतली डीएनएची गुंडाळी, ज्यावर जनुकं असतात) एखाद्या जागेवर त्या निम्म्याहून बऱ्याच कमी वेळा सारख्या निघाल्या, तर त्या जागेजवळ काहीतरी आहे असा माग लागतो. १९९८ मध्ये बोस्टनच्या जोस्लिन डायबेटिस सेंटरच्या लोकांनी टाइप वनमध्ये अगदी याच पद्धतीने तिसऱ्या क्रोमोसोमच्या लांब बाहूकडे बोट दाखवलं आणि पुढे फिनलंडच्या भावंडांमध्येही त्याच भागाकडे माग गेला. आजारीच आजारी माणसं गोळा केली असती तर ही पद्धत चाललीच नसती.

मोठी कुटुंबंही कामाला येतात. २००२ मध्ये १८ तुर्की कुटुंबांच्या अभ्यासातून टाइप टूवाल्यांच्या किडनीच्या आजाराचा माग १८ व्या क्रोमोसोमवर लागला आणि त्याच भागातल्या सीएनडीपी१ या जनुकावर नंतर बरंच काम झालं. पण खरं सांगायचं तर डायबेटिक किडनीचं एकच एक जनुक असं नाही. बारीकबारीक परिणाम करणारी पुष्कळ जनुकं आहेत आणि ती पकडायला एक कुटुंब पुरत नाही, हजारो माणसं लागतात. २०१९ मध्ये टाइप वनच्या जवळजवळ वीस हजार लोकांच्या अभ्यासात सीओएल४ए३ मधला एक बदल निघाला जो किडनीला सांभाळतो, हे जनुक किडनीच्या गाळणीच्या पडद्यातलं कोलाजेन बनवतं. वर आल्पोर्टमध्ये ज्याचं नाव आलं तेच हे जनुक, एका जागी बिघडलं तर किडनी घालवतं आणि दुसऱ्या जागचा बदल किडनी राखतो.

म्हणून टेस्ट करायच्या आधीच मनाशी ठरवा की काय विचारायचंय. "एकाच जनुकाचा आजार आहे का" असा प्रश्न असेल तर टेस्टला अर्थ आहे. "मला शुगरने किडनीचा त्रास होणार का" असा प्रश्न असेल तर आज कुठलीही डीएनए टेस्ट त्याचं हो-नाही उत्तर देत नाही, आणि एसीई जनुकाचा (रामिप्रिलसारख्या गोळ्या ज्यावर काम करतात ते एन्झाइम बनवणारं जनुक) कुठला प्रकार आहे वगैरे सांगणारे जे रिपोर्ट विकले जातात त्याने उपचारात काही बदलत नाही, लघवीत अल्ब्युमिन असेल तर रामिप्रिलसारखी गोळी तशीही देतातच. घरी थुंकी भरून पाठवायच्या किटवर तर विसंबूच नका, त्यातून काही निघालंच तर हॉस्पिटलच्या लॅबमध्ये पुन्हा तपासून घेतल्याशिवाय घरात कुणाला सांगू नका.

एकाच जनुकाची टेस्ट करायची ठरली की आधी नेफ्रोलॉजिस्ट (किडनीचे डॉक्टर) आणि जेनेटिक काउन्सेलर (जनुकीय टेस्टबद्दल सल्ला देणारे), दोघांना तो वंशवृक्ष दाखवा. टेस्ट पहिल्यांदा आजारी माणसाची करायची, त्यातही जो सगळ्यात लहान वयात आजारी पडला त्याची, निरोगी मुलापासून सुरुवात केली आणि काहीच नाही निघालं तर त्याचा अर्थ काहीच लावता येत नाही. आणि लॅबला काही गोष्टी नीट विचारा. एचएनएफ१बी मध्ये सुमारे निम्म्या लोकांत पूर्ण जनुकच गायब असतं, साध्या सिक्वेन्सिंगमध्ये, म्हणजे डीएनएची अक्षरं वाचण्यात, ते निसटू शकतं, म्हणून जनुकाच्या प्रती मोजल्या का ते विचारा. शिवाय हा बिघाड कित्येकदा त्याच माणसात नव्याने झालेला असतो, आईवडील ठीक आहेत म्हणून तो नाकारता येत नाही. मायटोकॉन्ड्रियाच्या ३२४३ बदलाचं प्रमाण रक्तात वयाबरोबर कमी होत जातं, त्यामुळे मोठ्या माणसाचं रक्त निगेटिव्ह आलं तरी लघवीतल्या पेशी तपासायला हव्यात. एमयूसी१ (यूमॉडसारखाच हळूहळू किडनी घालवणारा आजार देणारं जनुक) तर बहुतेक पॅनलमध्ये, म्हणजे एकदम बरीच जनुकं बघणाऱ्या टेस्टमध्ये, पकडलंच जात नाही, त्याला वेगळी टेस्ट लागते.

रिपोर्ट तीन तऱ्हेचा येतो. नक्की बिघाड सापडला तर मग बाकीच्या नातेवाइकांची फक्त त्या एका जागेची टेस्ट करायची, ती सोपी असते. काहीच सापडलं नाही याचा अर्थ जनुकीय कारण नाही असा होत नाही, या टेस्टमध्ये दिसणारं कारण नाही एवढाच होतो. तिसरा, अर्थ न लागलेला बदल, लॅबवाले त्याला व्हीयूएस म्हणतात, आणि यावर विसंबून कुणाचं औषध बदलू नका, कुणाचं लग्न अडवू नका. इथे पुन्हा ती ठणठणीत माणसं लागतात: तो बदल घरातल्या सगळ्या आजारी लोकांत आहे आणि पंचवीस वर्षं शुगर असून किडनी चांगली असलेल्या आत्याकडे नाही, तर संशय वाढतो, आणि आत्याकडेही तोच निघाला तर बऱ्याच अंशी मिटतो.

घरातलं कुणी किडनी द्यायला पुढे आलं असेल तर हे सगळं ताबडतोब करा, बाकी सगळं थांबलं तरी चालेल. भावाला किडनी देणाऱ्या बहिणीतही तोच बिघाड असेल तर दहा वर्षांनी दोघंही अडचणीत. ट्रान्सप्लांट टीमला स्पष्ट विचारा की रुग्णाचं मूळ कारण पक्कं आहे का आणि देणाऱ्याची त्या दिशेने तपासणी झाली का.

अठरा वर्षांखालच्या मुलांची टेस्ट फक्त तेव्हाच, जेव्हा निकालामुळे आत्ताच काही वेगळं करता येणार असेल, नाहीतर मोठं होऊन त्यांना ठरवू द्या. मोठ्यांमध्येही कुणाला जाणून घ्यायचं नसेल तर त्या माणसाला सोडा, त्याचा तो हक्क आहे. वडील कोण याबद्दल अनपेक्षित काही निघू शकतं, ते कळवायचं की नाही हे नमुना देण्याआधीच काउन्सेलरशी बोलून घ्या. आणि इन्शुरन्स. नियम देशागणिक वेगळे आहेत, अमेरिकेतला २००८ चा जीना कायदा आरोग्य विमा आणि नोकरीत संरक्षण देतो पण आयुर्विम्याला लागू नाही, तेव्हा तुम्ही राहता तिथलं आधी विचारून घ्या.

संशोधनात भाग घ्यायचा असेल तर मेडिकल कॉलेजांचे नेफ्रोलॉजी किंवा एन्डोक्रायनॉलॉजी विभाग विचारून बघा. संमतीपत्र सावकाश वाचा: नमुना किती वर्षं ठेवणार, दुसऱ्या संस्थेला देणार का, तुमच्या उपयोगाचं काही निघालं तर कळवणार का, मधेच नाव काढून घेता येईल का. संशोधनातला निकाल बऱ्याचदा वैयक्तिक रिपोर्ट म्हणून हातात मिळत नाही, तो मिळेल या आशेवर जाऊ नका. आणि जाताना आजारी भावंडाबरोबर त्या दुसऱ्या भावंडालाही घेऊन जा, आईवडील हयात असतील तर त्यांनाही.

शेवटचं काम म्हणजे फाइल चालू ठेवायची. दरवर्षीचं एसीआर, ईजीएफआर, बीपी त्या वंशवृक्षाच्या मागे लिहीत जा, कारण आज "अजून ठरलेलं नाही" या रकान्यातला भाऊ दहा-बारा वर्षांनी कुठल्यातरी एका बाजूला जाणारच आहे. एक्झोम केलं असेल तर मूळ डेटाची प्रत मागून ठेवा आणि दोन-तीन वर्षांनी लॅबला तोच डेटा पुन्हा वाचायला सांगा, दरम्यान नवी जनुकं सापडतात, जुन्या व्हीयूएसचा अर्थ लागतो, आणि त्यासाठी परत रक्त द्यावं लागत नाही. फोन नंबर किंवा पत्ता बदलला तर तेवढा लॅबला आणि काउन्सेलरला कळवा, नाहीतर नव्याने अर्थ लागला तरी तो तुमच्यापर्यंत पोचत नाही.